उरलेला चतकोर

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. टेबलावर दिव्याचा पिवळा गोल पडलाय आणि त्यात तुमची वही. उद्या चाचणी आहे. समोरचा प्रश्न एका ओळीचा: १ + १/२ + १/३ + १/४ + … ही अनंत श्रेणी अभिसारी आहे की अपसारी, ते सकारण लिहा.

म्हणजे ही न संपणारी बेरीज एखाद्या ठरावीक संख्येपाशी जाऊन स्थिरावते का? तुम्ही पदांकडे बघता. ती लहान लहान होत चालली आहेत. शंभरावं पद एक शतांश, लाखावं पद लाखातला एक भाग. पुढे तर काही उरतच नाही. तुम्ही लिहून टाकता: ‘पदे शून्याकडे जातात, म्हणून श्रेणी अभिसारी आहे.’

थांबा. त्या ‘म्हणून’वर बोट ठेवा. तो शब्द खरा की खोटा हे तपासायला आपल्याला बरंच लांब जायचंय. वही बरोबर घ्या.

दिवा विझतो आणि थंडी एकदम हाडांत शिरते. पायाखाली फरशी नाही, ओला घसरडा दगड आहे. तुम्ही पॅरिसमध्ये आहात, सेन नदीच्या डाव्या तीरावर, सेंट जेनेव्हिएव्हच्या टेकडीच्या चढावर. साल १३५० च्या आसपासचं. प्लेगची भयंकर साथ नुकतीच या शहरावरून गेलीय. कुठूनतरी घंटा वाजते. तुम्ही चढ चढून नाव्हार कॉलेजच्या दगडी कमानीतून आत शिरता. तुम्हाला कुणी पाहत नाही, पण तुम्हाला सगळं दिसतं आणि समजतं.

मेणबत्तीच्या उजेडात निकोल ओरेम बसलाय. नॉर्मंडीतून आलेला, धर्मशास्त्राच्या अभ्यासात असलेला हा तरुण पुढे लिझ्यू गावचा बिशप होईल. आत्ता मात्र त्याच्यासमोर आहे तुमचाच प्रश्न. पुढ्यात मेणाची पाटी आहे असं समजा. आपल्यासारखी चिन्हं त्याच्यापाशी नाहीत, अपूर्णांक तो शब्दांत मांडतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघता आणि आपल्या वहीत आपल्या पद्धतीनं उतरवून घेता.

पहिली दोन पदं, एक आणि अर्धा, तो बाजूला ठेवतो. मग तृतीयांश आणि चतुर्थांश एकत्र घेतो. दोन चतुर्थांश मिळून अर्धा होतो, आणि तृतीयांश तर चतुर्थांशाहून मोठा. म्हणजे १/३ + १/४ ही बेरीज अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं १/५ पासून १/८ पर्यंतची. त्यातलं सर्वांत लहान पद १/८, आणि चार अष्टमांश म्हणजे पुन्हा अर्धा. हा गठ्ठाही अर्ध्याच्या वर गेला. मग १/९ ते १/१६ अशी आठ पदं घ्या, पुन्हा अर्ध्याहून जास्त. मग सोळा पदं, मग बत्तीस.

तुम्ही पेन्सिलीनं वहीत कंस काढत जाता. प्रत्येक कंस आधीच्यापेक्षा दुप्पट लांब, पण प्रत्येकाखाली लिहायचं एकच: ‘अर्ध्याहून जास्त’. असे अर्धे मिळवायला तुम्हाला कुणीही अडवत नाही. वीस गठ्ठे घेतले तर बेरीज दहाच्या पुढे जाणारच, दोनशे घेतले तर शंभराच्या पुढे जाणारच. कुठलीही संख्या सांगा, ही बेरीज तिला ओलांडून जाते. श्रेणी अपसारी आहे.

तुमच्या चुकीचा दोष सगळा तुमचा नाही, कारण ही श्रेणी विलक्षण संथ चालते. बेरीज ५ च्या पुढे जायला ८३ पदं लागतात आणि १० च्या पुढे जायला १२,३६७. दहा लाख पदं मिळवली तरी ती जेमतेम १४.३९ भरते. गणकयंत्राच्या पडद्याकडे बघणाऱ्याला ती थांबल्यासारखीच वाटेल. तुम्ही बघत होतात ते एकेक पद किती लहान झालं ते. ओरेमनं पाहिलं ते निराळं. सुरुवातीची हजार पदं खोडा, लाख खोडा, तरी पुढे उरलेल्यातून अर्ध्यांचे गठ्ठे निघतच राहतात. पदं आटतात, उरलेलं आटत नाही.

मेणबत्ती फडफडते. ओरेमची ही युक्ती पुढे विस्मरणात जाईल. तीनशे वर्षांनी इटलीत पिएत्रो मेंगोली आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नुली बंधू हाच निष्कर्ष नव्यानं सिद्ध करतील.

तुमच्या बोटांतली थंडी ओसरते. हवा दमट होते, नारळीच्या झावळ्या सळसळतात, छपरावरून पागोळ्या गळत असतात. सोळाव्या शतकाची सुरुवात. तुम्ही केरळात आहात, भारतपुळा नदीच्या मुलखात, तिरूरजवळच्या त्रिक्कंडियूरला, केळल्लूर घराण्याच्या पडवीत. घरधनी आहेत नीलकंठ सोमयाजी. ‘तंत्रसंग्रह’ हा त्यांचा खगोलाचा ग्रंथ १५०० च्या सुमारास पुरा झालाय, आणि आता आर्यभटीयावरचं भाष्य चाललंय. ताडपत्रावर लोखंडी लेखणीचा बारीक करकर आवाज येतो. कोरलेल्या अक्षरांवर काजळी चोळली की ती काळी होऊन उठून दिसतात. पाटावर कवड्या मांडल्यात. या मुलखात गणित कवड्या सरकवून करतात.

वर्तुळाच्या कंसाचा विचार करता करता नीलकंठ एका बेरजेपाशी आलेत: १/४ + १/१६ + १/६४ + … प्रत्येक पद आधीच्या पदाचा पाव हिस्सा. या न संपणाऱ्या बेरजेचं उत्तर १/३ आहे हे त्यांना ठाऊक आहे. अकरावीच्या पुस्तकातलं गुणोत्तर श्रेढीचं सूत्र वापरून हे उत्तर तुम्हालाही दोन ओळींत काढता येतं. पण नीलकंठ सूत्रापाशी थांबत नाहीत, ते भाष्यात एक शंका काढतात. ही बेरीज तेवढीच वाढते, त्यापुढे जात नाही, आणि तेवढी मात्र नक्की वाढते, हे कशावरून?

त्यांच्या उत्तरात नुसते अपूर्णांक आहेत. ते नीट समजायला तुम्ही क्षणभर आपल्या घरच्या स्वयंपाकघरात डोकवा. तव्यावरून उतरलेली एकच भाकरी आणि ताटाभोवती तीन नातवंडं. आजी भाकरीचे चार चतकोर करते. तिघांना एकेक देते, एक ताटात उरतो. उरलेल्या चतकोराचे ती पुन्हा चार तुकडे करते, तिघांना एकेक देते, एक उरतो. त्या तुकड्याचेही पुन्हा चार. प्रत्येक नातवंडाच्या हातात पडतं ते आधी भाकरीचा पाव, मग पावाचा पाव, मग त्याचाही पाव. तिघांना सारखंच मिळत चाललंय, ताटातला तुकडा मात्र दर फेरीला आधीच्या चौथाईवर येतोय. मग प्रत्येकाचा वाटा किती? भाकरीचा तिसरा हिस्सा.

आता पडवीत परत या आणि तोच तुकडा नीलकंठांच्या हिशेबात बघा. १/३ मधून १/४ गेला की उरतो १/१२, म्हणजे १/३ ची चौथाई. त्यातून १/१६ वजा करा, १/४८ उरतो, म्हणजे १/१२ ची चौथाई. दर पायरीला उरलेलं पावपट होतं. ते कधीच शून्य होत नाही, म्हणून बेरीज १/३ ओलांडू शकत नाही. आणि तुम्ही कितीही बारीक फट दाखवा, काही पायऱ्यांनी उरलेलं त्या फटीपेक्षाही लहान होतं, म्हणून बेरीज १/३ च्या अलीकडे कुठे अडून राहत नाही. शंकेची दोन्ही टोकं एकाच शिलकीनं सुटतात. तुम्ही वहीत खूण करता: पॅरिसमध्ये उरलेलं आटत नव्हतं, इथे ते दर फेरीला चौथाईवर येतंय.

पण जाण्याची घाई करू नका. या पडवीतली खरी नवलाची गोष्ट अजून पुढेच आहे. नीलकंठांच्या आधीच्या पिढ्यांत, चौदाव्या शतकात, संगमग्रामचा माधव होऊन गेला. श्रेणींवरचं त्याचं स्वतःचं लिखाण हाती लागत नाही, पण शिष्यपरंपरेनं त्याचं गणित जपलं. वर्तुळाचा व्यास १ धरला तर परीघ होतो ४ − ४/३ + ४/५ − ४/७ + ४/९ − … विषम संख्यांनी भागत जायचं आणि आळीपाळीनं मिळवायचं, वजा करायचं. सगळी चिन्हं अधिक असती तर ही श्रेणी ओरेमच्या श्रेणीसारखीच हाताबाहेर गेली असती. पण इथे बेरीज झोपाळ्यासारखी हलते. एकदा उत्तराच्या पुढे, एकदा मागे, आणि प्रत्येक झोका आधीच्याहून आखूड. तो थांबणार हे नक्की, पण थांबायला अतोनात वेळ घेतो.

वही उघडा आणि पहिली पाच पदं दशांशात मांडा. बेरीज येते ३.३३९६८. पाय या संख्येपासून हे फारच लांब आहे. आणखी पदं घ्यावीत असं तुम्हाला वाटतं. माधवाची परंपरा मात्र पदं वाढवत नाही. किती उरलंय याचाच ती अंदाज बांधते आणि तो अंदाज हिशेबात घेते.

पाटावरच्या कवड्यांकडे बघा. शेवटचा भाजक ९ होता, त्याच्या पुढची सम संख्या १०. तिचं निम्मं ५. तिचा वर्ग १००, त्यात एक मिळवला की १०१. आता ४ ला ५ नं गुणून १०१ नं भागायचं आणि आलेलं उत्तर बेरजेतून वजा करायचं. तुम्ही करून बघता: ३.१४१६६. ग्रंथांत याहून सूक्ष्म संस्कारही, म्हणजे उरलेल्याची दुरुस्तीही, दिलाय. तो लावला तर वजा करायचे असतात १०४/५२५, आणि तुमच्या वहीत उतरतं ३.१४१५८७. फक्त पाच पदांत पाच दशांश स्थळांच्या आसपासची अचूकता आली. नुसती पदं मिळवत बसून एवढं जवळ यायचं तर पावणेदोन लाखांहून जास्त पदं लागली असती.

माधवाचा वर्तुळाचा आकडा परंपरेनं श्लोकात बांधून ठेवलाय. त्यात डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, हत्ती म्हणजे आठ. शब्दांचे अंक करून उलट्या क्रमानं वाचले की कळतं, व्यास ९,००,००,००,००,००० असेल तर परीघ २८,२७,४३,३३,८८,२३३. भागाकार करा, ३.१४१५९२६५३५९ येतं. थोड्याच वर्षांत, १५३० च्या सुमारास, ज्येष्ठदेव हे सगळं उपपत्तींसकट ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात लिहितील, आणि तेही संस्कृतात नाही, मल्याळममध्ये. पंडितांची विद्या लोकांच्या बोलीत उतरते तेव्हा काय होतं, हे ज्ञानेश्वरी ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको.

पाऊस थांबतो. आता भराभर चला.

१६७० चं दशक. जेम्स ग्रेगरी आणि लायब्निट्झ माधवाच्या वर्तुळश्रेणीपाशी स्वतंत्रपणे पोहोचतात. केरळच्या पडवीची वार्ता त्यांना नाही. १७०३, इटली. ग्विदो ग्रांदी १ − १ + १ − १ + … या श्रेणीपुढे बसलाय. जोड्या लावल्या तर उत्तर शून्य, पहिला एक बाजूला ठेवून जोड्या लावल्या तर एक, आणि तो म्हणतो अर्धा. तुम्ही उरलेल्याकडे बघा. ते आटत नाही, स्थिरावतही नाही. कितीही पुढे गेलात तरी बेरीज एक आणि शून्य यांच्यात उड्या मारत राहते. ‘किती?’ हा प्रश्नच इथे घाईचा आहे. त्याआधी विचारायला हवं, बेरीज आहे तरी का?

तो प्रश्न नीट विचारला की काय मिळतं, ते थोडं मागे जाऊन बाझल शहरात दिसतं. १६८९. याकोब बर्नुलीपुढे १ + १/४ + १/९ + १/१६ + … आहे. बेरीज अस्तित्वात आहे आणि ती २ च्या आत आहे, हे त्यानं ओळखलंय. नेमकी किती, ते मात्र सापडत नाही, आणि कुणाला सापडलं तर कळवा, अशी विनंती तो छापून टाकतो. उत्तर येतं शेहेचाळीस वर्षांनी, १७३५ मध्ये, त्याच बाझलमध्ये जन्मलेल्या ऑयलरकडून: पायच्या वर्गाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे १.६४४९. ते ऐकायला याकोब हयात नाही. पण त्याला जे ठाऊक होतं ते अर्धवट ज्ञान नव्हतं. बेरीज आहे एवढं पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिचा शोध घेण्यात अर्थ होता.

आणि आता पुन्हा ओळखीचा चढ. सेंट जेनेव्हिएव्हची टेकडी, साल १८२१. आवारही तेच आहे. नाव्हार कॉलेजची ही जागा १८०५ पासून एकोल पॉलिटेक्निककडे आहे. मुलं बाकांवर बसलीत आणि फळ्यापाशी आहे एकतीस वर्षांचा ऑग्युस्तँ-लुई कोशी. त्याचे तास अवघड म्हणून मुलांत कुरबुर असते, तास लांबला तर हुर्योही होते. तो मागे हटत नाही. याच वर्षी छापलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यानं स्पष्ट सांगितलंय की अपसारी श्रेणीला बेरीज नसते. तिच्याशी बेरीज असल्यासारखं वागायचं नाही.

मग अभिसारी कोण, हे ठरवायचं कसं? नीलकंठांना १/३ हे उत्तर आधी माहीत होतं, त्यामुळे किती उरलं ते मोजता आलं. उत्तरच माहीत नसेल तर? कोशी म्हणतो, पुढचा कुठलाही तुकडा उचला, दहा पदांचा किंवा दहा लाख पदांचा. पुरेसं पुढे गेल्यावर असा प्रत्येक तुकडा हवा तितका लहान होत असेल तर श्रेणी अभिसारी. उरलेल्यावरची नजर तीच आहे, फक्त आता उत्तर हातात असण्याची गरज उरली नाही.

तो कसोट्या मांडू लागतो आणि तुम्ही टिपून घेता. पद शून्याकडे जात नसेल तर श्रेणी अपसारी, तिथेच विषय संपला. पण पद शून्याकडे गेलं म्हणजे फक्त फाटकातून आत सोडलं, बाकी काही ठरलं नाही. मग पुढच्या पदाला मागच्या पदानं भागा. हे गुणोत्तर अखेरीस एकाहून लहान अशा एका ठरावीक संख्येच्या खालीच राहत असेल, तर तुमची श्रेणी भाकरीच्या वाटणीसारख्या एखाद्या श्रेणीच्या आत बसते आणि अभिसारी ठरते. ‘ठरावीक’ या शब्दाखाली रेघ ओढा. ओरेमच्या श्रेणीतही गुणोत्तर दर वेळी एकाहून लहानच असतं: ९९/१००, ९९९/१०००. पण ते एकाला चिकटायला निघालेलं असतं. तिथे ही कसोटी गप्प बसते.

आणि मग कोशी ती कसोटी मांडतो, जिच्यासाठी तुम्ही या टेकडीवर दुसऱ्यांदा आला आहात. पदं धन आणि उतरती असतील तर पहिलं, दुसरं, चौथं, आठवं, सोळावं एवढीच पदं ठेवा, आणि त्यांना अनुक्रमे १, २, ४, ८, १६ नं गुणा. ही नवी श्रेणी अभिसारी तर मूळची अभिसारी, ही अपसारी तर मूळचीही अपसारी. तुम्ही तुमची श्रेणी घालून बघता आणि येतं १ + १ + १ + १ + … तुमची पेन्सिल थबकते. हे दुप्पट दुप्पट होत जाणारे गठ्ठे तुम्ही पाहिलेत. याच आवारात, मेणबत्तीच्या उजेडात, पावणेपाचशे वर्षांपूर्वी. फळ्याकडे बघणाऱ्या एकाही मुलाला ते ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

दिव्याचा पिवळा गोल, टेबल, वही. घड्याळात साडेअकराच वाजलेत.

तुम्ही ‘म्हणून श्रेणी अभिसारी आहे’ यावर रेघ मारता. खाली श्रेणी पुन्हा लिहिता आणि १/३ + १/४ भोवती कंस काढता. मग चार पदांभोवती, मग आठ. प्रत्येकाखाली ‘अर्ध्याहून जास्त’. शेवटी: श्रेणी अपसारी आहे.

पुढचा प्रश्न १ + १/४ + १/९ + १/१६ + … चा. कंस आता हातातच बसलेत. १/४ आणि १/९ मिळून दोन चतुर्थांशांहून कमी, म्हणजे अर्ध्याच्या आत. पुढची चार पदं चार षोडशांशांहून कमी, म्हणजे पावाच्या आत. पुढची आठ पदं अष्टमांशाच्या आत. प्रत्येक गठ्ठ्याचं कुंपण आधीच्याच्या निम्मं. ताटातला तुकडा आटतोय. तुम्ही लिहिता: ‘बेरीज २ पेक्षा कमी राहते, म्हणून श्रेणी अभिसारी आहे.’

या वेळी तुम्ही स्वतःच ‘म्हणून’वर बोट ठेवून बघता. पदं सगळी धन आहेत, बेरीज फक्त वाढू शकते, आणि दोनचं कुंपण तिला ओलांडता येत नाही. मग तिला कुठेतरी स्थिरावावंच लागेल. किती, ते प्रश्नात विचारलेलं नाही आणि या कंसांमधून ते कळतही नाही. पण ती बेरीज आहे. तुम्ही वही मिटता.